शनिवारच्या पुंगळ्या

प्रिय सनी,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू जरा दचकशील. कोणी आजारी नाही, कोणाला काही झालेलं नाही. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर पहिल्या ओळीलाच तू उत्तर टाइप करायला घेतलं असतंस, आणि मला या वेळी शेवटपर्यंत बोलायचं आहे. मिनल तुझ्याकडे यायला निघण्याआधी हे तुझ्या हातात पडेल अशा बेताने कुरिअरने पाठवते आहे. तिच्या बॅगेत टाकलं नाही, कारण मी तुला लिहिते आहे हे तिला माहीत नाही.

आधी इथलं सांगते. तुझी आई ठणठणीत आहे. अजूनही खराळवाडीतच राहतात, माझ्याकडे सांगवीला चला म्हटलं तर म्हणतात, तिथं बोलायला माणूस न्हाई, निस्त्या लिफ्टी हायेत. मेट्रो आल्यापासून त्यांना नवा नाद लागलाय. दुपारी पिंपरीहून बसतात, पुण्यापर्यंत जातात, स्टेशनच्या बाहेरही पडत नाहीत, तशाच परत येतात. विचारलं तर म्हणतात, वरून सगळ्या कंपन्या दिसत्यात, तुझ्या सासऱ्यानं कुठंकुठं काम केलं ते बघते. मी सकाळी कंपनीच्या बसने महाळुंग्याला जाते. चाकणच्या चौकात बस अडकते, तेवढ्यात माझी झोप होते. काम तेच, क्वालिटीचं. हाताखाली चार पोरं आहेत, त्यांच्यापेक्षा मीच जास्त धावते. मिनलची दहावी झाली, पेपर बरे गेले म्हणते. तुझ्या खांद्याच्या वर गेली असेल आता. केस कापलेत, ओळखू न आल्यासारखं करू नकोस.

मागच्या आठवड्यात फोनवर तू तिला सांगितलंस की गॅरेज आवरून ठेवलंय, टेबल अजून तसंच आहे, या वेळी आपण दोघं मिळून बसू. मी स्वयंपाकघरात होते, पण ऐकलं. ती म्हणाली, हो पप्पा. मग फोन ठेवून ती बराच वेळ खिडकीशी उभी होती, नदीपलीकडे औंधाकडे बघत. मी काही विचारलं नाही. आमच्या घरात विचारण्याची पद्धत फारशी उरलेली नाही, आणि हे पत्र त्याबद्दलच आहे.

मला ते टेबल आठवतं. खरं सांगायचं तर अमेरिकेत ओहायोला काढलेल्या सगळ्या वर्षांतलं मला तेच आठवतं. ग्रीन कार्ड आलं त्याच वर्षी शेजारच्या म्हाताऱ्या वॉल्टरने तुला पहिल्यांदा नेमबाजीच्या रेंजवर नेलं. तू परत आलास तेव्हा तुझा चेहरा वेगळा होता. तिथल्या मराठी मंडळात गेलं की लोक आडनाव विचारतात, मग मूळ गाव विचारतात, मग जरा थांबतात, असं तू म्हणायचास. रेंजवर कोणी काही विचारलं नाही, नुसतं कागदावर भोकं कुठं पडली ते बघितलं. तुला ती जागा का आवडली हे मला तेव्हाच कळलं होतं, म्हणून रिव्हॉल्वर घरात आलं तेव्हा मी कुरकूर केली तरी अडवलं नाही. आणि मग उडवलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या वॉल्टरसारख्या घरीच पुन्हा भरायच्या असं तुझ्या डोक्यात आलं. तुझ्या हाताला मुळात ते कामच हवं होतं. गोळी झाडण्यापेक्षा ती भरण्यात तुझा जीव जास्त रमायचा.

शनिवारी दुपारी पुंगळ्या यंत्रात पडायच्या, अक्रोडाच्या टरफलांच्या भुशात तासन्‌तास थरथरत घासल्या जायच्या. त्या घरघरीत मिनल दुपारची शांत झोपायची. संध्याकाळी आपण तिघं गॅरेजमध्ये. मिनलचं काम पुंगळ्या पुसून लाकडी ठोकळ्याच्या भोकांत तोंड वर करून उभ्या करायचं. डोळ्यांवर तो मोठा चष्मा, हातात निळे मोजे, आणि काम संपलं की साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, हा माझा नियम. पुंगळीच्या बुडाशी बसवायची ती ठिणगी देणारी बारकी टोपी, तिला ती टिकली म्हणायची, कारण दिवाळीतल्या खेळण्यातल्या पिस्तुलाची टिकली मी तिला एकदा दाखवली होती. तू हँडल ओढून एकेका पुंगळीत बंदुकीची पावडर सोडायचास, टॉर्च मारून सगळ्या रांगांत पावडर पडली का ते बघायचास, आणि मग मी वर शिशाची गोळी ठेवून प्रेसचा दांडा दाबायचे. पितळ असं चमकायचं की मिनल म्हणायची, आजीच्या तांब्यांची पिल्लं. घरात एरवी तू फारसा बोलायचा नाहीस. तिथे बोलायचास. तुझ्या वडिलांच्या फौंड्रीतल्या गोष्टी मी तिथेच ऐकल्या, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर.

तुझ्या आईचं तर तुला आठवत असेलच. मिनलने फोनवर सांगितलं, पप्पा घरी गोळ्या बनवतात. सनीनं औषधाची कंपनी काढली म्हणून आईंनी गल्लीत सांगून टाकलं. हिंदुराव मामांनी तर रक्तदाबाच्या गोळ्या पाठवता येतील का म्हणून विचारलं. खरं कळल्यावर त्या तुला म्हणाल्या, आपुन पंचशील घेतलेली मान्सं हावोत रं. तू म्हणालास, आई, कागद मरतो फक्त. त्यांना ते पटलं नाही, पण त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

आता रेंजवरच्या त्या दिवसाबद्दल लिहिते. आदल्या शनिवारी तुम्ही भरायला बसला होतात तेव्हा मी आत फोनवर होते. आईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं ठरत होतं. म्हणून त्या संध्याकाळी टेबलावर तू आणि मिनल दोघंच होता, गोळ्या बसवायचं माझं कामही तूच केलंस. पुढच्या आठवड्यात रेंजवर मी नेम धरला, चाप ओढला, आणि नेहमीच्या धडाक्याऐवजी नुसतं फुस्स झालं. हाताला धक्काही बसला नाही. मला वाटलं, गोळी वाया गेली. मी पुन्हा चाप ओढणार तेवढ्यात तू मागून झडप घालून माझं मनगट धरलंस. नंतर तू रिव्हॉल्वर उघडून दाखवलंस. पुंगळीत पावडरच नव्हती. नुसत्या टिकलीच्या जोरावर शिसं नळीत अर्ध्यावर जाऊन अडकलं होतं. दुसरी गोळी त्याच्यावर जाऊन आदळली असती तर नळी माझ्या हातात फुटली असती. हे मी विसरलेले नाही. तू माझा हात धरलास म्हणून आज हे पत्र लिहायला माझी बोटं शाबूत आहेत. हे मी कधी तुला नीट म्हटलं नव्हतं, म्हणून इथे लिहिते.

घरी आलो. तू हात धुतलेस, गॅरेजमधला पांढरा फळा पुसलास आणि आम्हा दोघींना समोर बसवलंस. तुझा आवाज चढलेला नव्हता. तो तुझा मीटिंगमधला आवाज होता, मला चाकणपासून ओळखीचा. चाकणच्या कंपनीत नवीन लागले तेव्हा पाच वेळा 'का' विचारून कारणाच्या मुळाशी कसं जायचं हे मला तूच शिकवलं होतंस, त्याच आवाजात. तू फळ्यावर लिहीत गेलास. शिसं का अडकलं, पावडर नव्हती. पावडर का नव्हती, एक पुंगळी सुटली. का सुटली, रांगेत हात चुकला. का चुकला, लक्ष गेलं. लक्ष का गेलं, मिनल मधे बोलली. त्याखाली तू रेघ मारलीस. मग तिच्याकडे वळून शांतपणे विचारलंस, बरोबर ना मिनू? नऊ वर्षांची पोर, चष्मा अजून कपाळावर चढवलेला. तिने मान हलवली. तू त्याखाली उपाय लिहिलास, काम चालू असताना टेबलावर कोणी बोलायचं नाही. आणि मार्करला टोपण लावलंस.

मला तेव्हा सुचलंच नाही काय म्हणावं. नंतर किती तरी वेळा सुचलं. टॉर्च मारायची राहिली हे त्या फळ्यावर कुठेच नव्हतं. आणि तूच ट्रेनिंगमध्ये सांगायचास की कारण शोधताना माणसाच्या नावावर थांबलात तर समजा काम अर्धवट सोडलंय, माणसाच्या पुढे जा. चाकणच्या कुठल्याही ऑपरेटरला तू ही सवलत दिली असतीस. मला वाटतं तू घाबरला होतास. माझा हात गेला असता ही भीती तुला कुठेतरी ठेवून द्यायची होती, आणि समोर ती बसली होती. हे मला आता समजतं. तेव्हा नुसतं एवढंच दिसत होतं की तुझ्या आवाजात काहीही हललं नाही, आणि मिनलच्या चेहऱ्यावरून काहीतरी निघून गेलं.

त्यानंतर ती गॅरेजमध्ये आली नाही. तूही बोलावलं नाहीस. शनिवारी स्वयंपाकघर आणि गॅरेजमधलं दार बंद असायचं, पलीकडून प्रेसच्या दांड्याचा आवाज यायचा. मी जाऊन बसले दोनदा, नियमाप्रमाणे काही न बोलता. मग मीही थांबले. आईंच्या ऑपरेशनला म्हणून मिनलला घेऊन आले ती परत गेले नाही. लोकांना सांगितलं की तिचं मराठी कच्चं राहतंय. तू दोन वेळा न्यायला आलास, सरळ विचारलंस, आणि मी सरळ नाही म्हटलं. कारण मात्र मी तुला कधी धड दिलं नाही. तुझ्यावर हात उचलल्याचा, दारूचा, बाईचा कसलाच ठपका नव्हता. फळ्यावरच्या पाच ओळींसाठी नवरा सोडला हे वकिलालाही सांगता येण्यासारखं नव्हतं. स्वभाव जुळत नाहीत असं लिहिलं गेलं आणि आपण दोघांनी खाली सह्या केल्या.

इथे शाळेत सगळ्या बाई खूश होत्या. शांत मुलगी, अजिबात त्रास नाही. नववीत मात्र योगिनी बाई म्हणून नव्या आल्या, गणिताच्या. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, ही कधीच काही विचारत नाही. आधी वाटलं सगळं येतंय. वही बघितली तेव्हा कळलं, जिथं अडतं तिथं ती ते गणित सोडून पुढच्या पानावर जाते. मी घरी आल्यावर तिला म्हटलं, अगं, अडलं तर विचारायचं. ती म्हणाली, लोकांचं लक्ष जातं मम्मी. अगदी सहज म्हणाली, जसं कोणी म्हणेल बाहेर ऊन आहे. तिला दुकानात भाव विचारता येत नाही. बस कुठे जाते हे कंडक्टरला विचारण्यापेक्षा ती पुढच्या स्टॉपला उतरून चालत येते. मी हे तुला फोनवर कधी सांगितलं नाही, कारण तू लगेच उपाय काढला असतास.

आणि आता परवाचं. रविवारी आम्ही दोघी खराळवाडीला गेलो होतो. आई जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या, मिनल समोर बसली, मी कॉटवर. आईंनी तिला विचारलं, बापाकडं जाऊन म्हैनाभर करशील काय गं? ती म्हणाली, पप्पांनी गॅरेज आवरलंय. मग आईंनी विचारलं, त्या गोळ्यांचं का? आणि का कोण जाणे, मिनलने सगळं सांगितलं. तो शनिवार, रेंज, फळा. काडी मोडत, पानं टोपलीत टाकत, दुसऱ्या कोणाच्या घरात घडल्यासारखं. शेवटी म्हणाली, मी मधे बोलले ना आजी, म्हणून ते झालं. आईंनी मेथीवरून मान वर केली नाही. म्हणाल्या, बोल्लीस काय पन?

सनी, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. तू फळ्यासमोर उभा राहून विचारलं नाहीस, मी इतक्या वर्षांत विचारलं नाही. मिनल म्हणाली, मी म्हटलं, पप्पा, ही एक रिकामी आहे का?

आईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. पुढे तिने सांगितलं की तू रांगेवरून नजर न उचलता म्हणालास, मिनू, आत्ता नाही. तिला वाटलं, तसं असेल, एखादी रिकामी ठेवत असतील, पप्पांना माहीत असतं. नंतर फळ्यावर तिचं नाव लागलं तेव्हा तिची समजूत झाली की आपण विचारलं म्हणून ती पुंगळी रिकामी राहिली. विचारलं नसतं तर भरली असती. तीन-चार वर्षं ती हेच समजून होती. मग एकदा, सातवीत असेल, शाळेतून येताना रस्त्यातच तिच्या लक्षात आलं की आपण विचारण्याच्या आधीच ती रिकामी होती. मी म्हटलं, मग तेव्हा का नाही सांगितलंस? ती म्हणाली, पप्पांना वाईट वाटलं असतं. आई एवढंच म्हणाल्या, म्हंजी तू बराबरच इचारलं हुतंस की. मिनल उठून बाहेर कठड्याशी जाऊन उभी राहिली. मी मागे गेले नाही. आत आली तेव्हा डोळे पुसलेले होते आणि भूक लागली म्हणाली.

रात्री मी तिला म्हटलं, नको वाटत असेल तर जाऊ नकोस, मी सांगते पप्पांना. तर म्हणाली, जाणार आहे, टेबलावर बसणार पण आहे, मला ते काम आवडायचं. आणि तुला यातलं काहीही सांगायचं नाही असं तिने मला बजावलं. मी हो म्हटलं आणि तरी लिहिते आहे. हे तुला टोचायला लिहिलेलं नाही, तुझ्याशी जुना हिशेब मिटवायलाही नाही. तू भरशील, ती पुसून उभ्या करेल, तू टॉर्च मारशील, सगळं नीट होईल, आणि नियमाप्रमाणे कोणीच बोलणार नाही. महिनाभर असं जाऊन ती परत आली तर पुन्हा कधी त्या दिवसाचं तिच्या तोंडून निघणार नाही, हे मला कळतं. म्हणून मागणं एकच आहे. तुला हे माझ्याकडून कळलंय असं तिला दाखवू नकोस. माफी मागायची घाईही करू नकोस, ती लगेच तुलाच समजवायला लागेल. तू तिला फक्त विचार की मिनू, त्या दिवशी तू मला काय विचारलं होतंस. एअरपोर्टवरून येताना नको, एक-दोन दिवस जाऊ देत, तिला घरात रुळू दे. उत्तर यायला वेळ लागेल. ती आधी काही नाही म्हणेल, विषय बदलेल, तो मोठा चष्मा पुसत बसेल. तू थांब. आणि ती सांगायला लागली की हातातलं काम खाली ठेव.

मिनलची आई,
रश्मी